ग्लव्हबाहेरचं बोट

साडेसहा वर्षं मी तुझे चेंडू झेलले, एव्हरिस्तो.
तुझा वेग मोजायला त्यांच्याकडे यंत्रं होती,
माझ्याकडे डावा तळहात.
अंगठ्याच्या बुडाशी अजून गाठ आहे,
थंडी पडली की सगळ्यांत आधी तीच बोलते.

तू आलास तेव्हा मोंटानात मे महिन्यातही बर्फ भुरभुरत होता.
निकाराग्वाच्या खाडीकाठचा पोरगा तू,
उजव्या हातात पायमोजा चढवून माउंडवर उभा.
चेंडू कुठेही जायचा.
एकदा तर थेट आमच्या कापडी बीव्हरच्या पोटात गेला.
प्रेक्षक हसले, तू हसलास.
बीव्हरच्या आतला मुलगा हसला नाही.

मग बस.
बसबद्दल काय लिहू?
विचिटा ते अमॅरिलो, एसी बंद, खिडक्या न उघडणाऱ्या,
आणि तू पुढे जाऊन चालकाशेजारी बसलेला,
त्याचा डोळा लागू नये म्हणून
आईच्या नारळपावाची कृती सांगत,
दर वेळी एक जिन्नस बदलून.
पगार पंधरा तारखेआधीच संपायचा.
पीनट बटरची बरणी आपण चमच्याने नाही, बोटाने पुसायचो.

तिसऱ्या वर्षी कोपर गेलं.
मनगटातली शीर काढून डॉक्टरांनी तिथं शिवली.
चौदा महिने तू चेंडूऐवजी टॉवेल फेकलास
आणि मी उलट्या बादलीवर बसून
न येणारा चेंडू झेलत राहिलो.
तेव्हाच मला ते दिसलं:
चेंजअप धरताना
ग्लव्हबाहेर ठेवलेलं तुझं डावं बोट
किंचित उचलायचं,
दार उघडण्याआधी कडी हलावी तसं.
बोट, मी म्हणायचो.
माउंडवर जाऊन, तोंडावर ग्लव्ह धरून म्हणायचो.
न्हाव्याकडे म्हणायचो.
झोपेतसुद्धा म्हणालो असेन.
तू मान डोलवायचास आणि बोट उचलायचास.

तुलसाच्या मोटेलात रात्री पावणेबाराला
लिंडक्विस्ट सपाता घालून दारात आला.
"वर बोलावलंय. सहाचं विमान."
तू बेसिनमध्ये शर्ट धूत होतास.
ओलाच पिशवीत कोंबलास.
पेरूच्या मुरंब्याची अर्धी बाटली टेबलावर राहिली.
मी तिशी ओलांडलेला, गुडघ्यांतून वाळू वाजणारा,
मला कुणी वर बोलावणार नव्हतं,
हे तुलाही ठाऊक होतं, म्हणून तू काहीतरी
मोठं बोलायला तोंड उघडलंस.
मी म्हणालो, "बोट."
आणि दिवा घालवला.

चौथ्या दिवशी जॉपलिनजवळ आमची बस डिझेलला थांबली.
काउंटरवरचा टीव्ही मुका होता.
त्यात तू, एवढासा,
नव्या टोपीखाली कान बाहेर आलेले.
पहिल्याला तू चार वाइट चेंडूंवर चालत सोडलंस.
दुसऱ्याने भिंतीपार मारला.
बोट उचललं होतं. मी पाहिलं,
त्यानेही पाहिलं,
चाळीस हजारांत आम्ही दोघंच.
मी सुट्ट्या पैशांवर हात आपटला.

तिसरा आला.
तू ग्लव्ह छातीशी आणलास, वाट पाहिलीस.
बोट
चामड्यावर, पालीसारखं निश्चल.
फलंदाज चेंडूच्या कितीतरी आधी फिरला
आणि स्वतःभोवतीच गुंडाळला गेला.

आवाज नव्हता, तरी माझा तळहात आपोआप मिटला.
चेंडू दुसऱ्याच कुणाच्या ग्लव्हमध्ये गेला होता.
"ओळखीचा?" कॅशियर पोरगी म्हणाली.
"थोडाफार."
तिने चिप्सचे पैसे परत दिले, पंचवीस सेंट जास्तच.

बाहेर हॉर्न वाजत होता.
मी रेलिंग धरून वर चढलो, मागे नाही गेलो,
पुढे चालकाशेजारी बसलो.
दहा मैल कुणीच बोललं नाही.
मग म्हणालो, नारळ आधी किसून घ्यायचा,
पिठात दूध, थोडं जायफळ.
"मागच्या वेळी जायफळ नव्हतं," तो म्हणाला,
आणि त्याने गिअर बदलला.